जुन्या क्लबात परतलेला मॅनेजर: पहिल्या काही आठवड्यांत नेमकं काय बघायचं? (ऑनलाइन चर्चा; डगआउट, सहा नंबर, साइडलाइन, फातोर्डा स्टँड ही लिहिणाऱ्यांची नावं)

डगआउट

मॅनेजर जुन्या क्लबात परतला की चर्चा "घरी आला" इथे सुरू होते आणि तिथेच संपते. निकाल मात्र अगदी दोन टोकांचे लागतात. फाबियो कपेल्लोने १९९१ ते १९९६ या पाच मोसमांत मिलानला चार वेळा लीग जिंकून दिली. १९९७ ला तो परतला आणि संघ दहावा आला. हाच कपेल्लो २००६ मध्ये दुसऱ्यांदा रेयाल माद्रिदला गेला आणि १९९६-९७ सारखीच पुन्हा लीग जिंकला. मोरिन्यो २०१३ ला चेल्सीत परतला, मे २०१५ मध्ये विजेता झाला आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला त्याला काढलं, तेव्हा संघ १६ व्या स्थानावर होता.

नेमणूक जाहीर झाल्यापासून पहिल्या आठ-दहा सामन्यांत काय तपासलं तर हे टिकेल की नाही याचा अंदाज बांधता येतो? "क्लबशी नातं", "प्रेक्षकांचं प्रेम" ही उत्तरं नकोत. खेळाडू, स्टाफ, सराव, खरेदी यांवर सांगा.

सहा नंबर

सगळ्यात आधी दोन याद्या समोरासमोर ठेवा: पहिल्या खेपेचा शेवटचा संघ आणि दुसऱ्या खेपेचा पहिला संघ. दोन्हीत कोण आहे आणि त्यांची वयं काय, ते लिहून काढा. मिलानचं उत्तर तिथेच मिळतं. १९९७ च्या उन्हाळ्यात बारेसी आणि तास्सोत्ती दोघेही निवृत्त झाले. कपेल्लोचा बचाव ज्या ओळीवर उभा होता ती ओळच गेली आणि त्याच वेळी क्लायव्हर्ट, त्सीगे, बोगार्द असे बाहेरून आलेले खेळाडू एकदम बसवायचे होते. ऑफसाइडची लाइन एका हाकेवर वर उचलायची सवय लागायला कित्येक महिने जातात. हाक देणारा माणूस गेला की ती सवय पुन्हा शून्यापासून लावावी लागते.

चेल्सीत २०१३ ला पहिल्या खेपेतले सहा जण होते: चेक, टेरी, अॅशली कोल, लॅम्पार्ड, एसियन, मिकेल. ऐकायला बरं वाटतं, पण यातले बहुतेक तिशीच्या पलीकडचे किंवा दुखापतींनी मंदावलेले. त्यामुळे पहिलं वर्ष जुळवाजुळवीत गेलं. या वर्षातली दोन कामं बारकाईने पाहा, कारण पुढचं विजेतेपद त्यांच्यातून आलं.

पहिलं काम जानेवारी २०१४ मध्ये माटाला विकण्याचं. हुआन माटा लागोपाठ दोन वर्षं क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. त्याला ३.७१ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला दिलं. मोरिन्योच्या ४-२-३-१ मध्ये दहा नंबरचा खेळाडू (स्ट्रायकरच्या मागे खेळणारा) चेंडू गेल्याक्षणी प्रतिस्पर्ध्याच्या सहा नंबरवर (बचावाच्या लगेच पुढे खेळणारा मिडफिल्डर) धावून गेला पाहिजे. ते ऑस्कर करायचा, माटाला जमत नव्हतं. दुसरं काम त्याच महिन्यात नेमान्या माटिचला बेन्फिकाकडून परत आणण्याचं. पहिल्या खेपेत माकेलेले जे करायचा, म्हणजे दोन सेंटर-बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) पुढची जागा सोडायची नाही, ते करणारा माणूस या संघात नव्हता. मग २०१४ च्या उन्हाळ्यात कोस्टा, फाब्रेगास आले आणि कोर्त्वा लोनवरून (दुसऱ्या क्लबाला उसना दिला होता तिथून) परतला. पुढच्या मोसमात ८७ गुणांनी लीग.

आता बिघाड. २०१४-१५ मध्ये टेरी लीगच्या ३८ सामन्यांतलं प्रत्येक मिनिट खेळला. इव्हानोविच आणि हझार्ड ३८ च्या ३८ सामन्यांत उतरले. संघ अकरा-बारा जणांवर चालला. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टी लांबवली. पहिला सराव सामना २२ जुलैला (न्यू यॉर्क रेड बुल्सकडून ४-२ हार), लीगची सुरुवात ८ ऑगस्टला. मध्ये जेमतेम १७ दिवस. खरेदीही उशिरा झाली: पेद्रो आला तेव्हा लीगचे दोन सामने होऊन गेले होते, आणि मागच्या फळीत स्टोन्ससाठीच्या बोली नाकारल्या गेल्या. पाय जड झालेला उजवा फुल-बॅक (बाजूचा बचावपटू) इव्हानोविच, त्याच्या मागे धावणारा ३४ वर्षांचा सेंटर-बॅक टेरी. प्रतिस्पर्ध्यांनी डावीकडून चेंडू आत टाकायचा सपाटा लावला. १६ सामन्यांत १५ गुण, ९ पराभव.

म्हणून माझ्या मते पहिल्या दहा सामन्यांत गुणांपेक्षा हे मोजा: कोण किती मिनिटं खेळला. ९० टक्क्यांहून जास्त मिनिटं खेळलेले आठ-नऊ जण दिसले, तर त्या वर्षी चषक येईलही, पण पुढच्या वर्षाचं कर्ज वाढतंय असं समजा.

डगआउट

माटा-माटिच प्रकरण हे आधी असं जोडून पाहिलं नव्हतं. पण याद्यांचा निकष लावला तर डेव्हिड मॉयेसचं काय? जानेवारी २०२५ मध्ये तो एव्हर्टनला परतला तेव्हा २०१३ च्या त्याच्या संघातला एकटा शेमस कोलमन उरला होता. तरी जमलंच की.

साइडलाइन

जमलं, कारण काम वेगळं होतं. मॉयेसला १७ गुणांवरून संघ वाचवायचा होता. उरलेल्या १९ सामन्यांत त्याने ३१ गुण काढले आणि संघ ४८ गुणांवर तेरावा आला. मोसमाच्या मधे परतणाऱ्यासाठी जुने खेळाडू ही दुय्यम बाब आहे. त्याला आठवड्यात फार तर चार-पाच सराव मिळतात, त्यामुळे बघायचं ते स्टाफकडे. त्याची भाषा बोलणारी माणसं पहिल्याच आठवड्यात आली का? मॉयेसने अॅलन अर्विनला सोबत घेतलं, तो पहिल्या खेपेतही त्याचा सहायक होता. शिवाय लेटन बेन्स अकादमीतून वरच्या स्टाफमध्ये आला. म्हणजे खेळाडूंमध्ये एकच जुना माणूस असला, तरी सरावाच्या मैदानावर "आडवी लाइन दहा यार्ड वर" म्हटल्यावर काय करायचं हे दाखवणारे तीन-चार जण होते. जानेवारीत संघात भर पडली ती लोनवरच्या अल्कारासची. बाकी सगळं हाताशी होतं त्यातूनच. कॅल्व्हर्ट-लुइन जखमी झाला, बेटोला सलग सामने मिळाले आणि मागे धावणाऱ्या स्ट्रायकरसाठी चेंडू लवकर पुढे टाकायला सुरुवात झाली.

हाइंकेसचं बायर्नमधलं २०१७ चं पुनरागमन याहून चांगलं उदाहरण आहे, कारण तिथे दोन्ही गोष्टी जुळल्या. ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा संघ डॉर्टमुंडपेक्षा ५ गुणांनी मागे होता. नॉयर, बोआटेंग, अलाबा, राफिन्या, हावी मार्टिनेझ, म्युलर, रिबेरी, रॉबेन हे २०१३ च्या तिहेरी यशातले आठ जण क्लबातच होते. सहायक पीटर हरमानला फॉर्च्युना ड्युसेलडॉर्फकडून पैसे मोजून सोडवून आणलं. सहायकासाठी क्लब पैसे मोजतो तेव्हा मॅनेजरने काय अट घातली असेल ते कळतं.

पहिला बदल अगदी छोटा होता: मार्टिनेझला सेंटर-बॅकवरून पुन्हा सहा नंबरवर आणलं. दोन्ही फुल-बॅक वर गेले की मधे एक माणूस कायम थांबलेला. पहिल्या सामन्यात फ्रायबुर्गला ५-०, नोव्हेंबरच्या सुरुवातीला डॉर्टमुंडच्या मैदानावर ३-१. शेवटी लीग २१ गुणांच्या फरकाने. जानेवारीत एकच नेमकी खरेदी, सांद्रो वाग्नर, कारण लेवान्डोव्स्कीला पर्यायच नव्हता. सहा नंबर यांचा मिनिटांचा मुद्दा इथे बरोबर लागू पडतो: रिबेरी ३४, रॉबेन ३३, त्यांना आलटून-पालटून खेळवल्याशिवाय मे महिना दिसला नसता.

उणीव राहिली ती गोलकीपरची. नॉयर सप्टेंबरपासून बाहेर. उलराइखने मोसमभर चांगलं सांभाळलं, पण माद्रिदच्या उपांत्य सामन्यात मागे आलेल्या पासवर गफलत झाली, बेन्झेमाने गोल केला आणि तिथेच चॅम्पियन्स लीग संपली.

सहा नंबर

साइडलाइन, मोसमाच्या मधे आणि उन्हाळ्यात असा फरक करायला हवा होता, मान्य.

त्याला एक जोड देतो. परतणारा माणूस जुनी रचना आणतो की जुनं तत्त्व, हे बघा. अँचेलॉटीने २०१३-१४ मध्ये रेयालला दी मारियाला विंगवरून काढून तिघांच्या मिडफिल्डमध्ये डावीकडे घातलं होतं. कारण असं की क्रिस्तियानो बचावाला मागे येत नसे, ती जागा भरायला दमदार फुप्फुसांचा माणूस हवा. २०२१ ला तो परतला तेव्हा रामोस आणि वरान दोघेही जात होते, क्रिस्तियानो कधीच गेला होता. मोठ्या सामन्यांत त्याने वाल्वेर्देला उजव्या विंगवर उतरवलं. नाव विंगरचं, काम चौथ्या मिडफिल्डरचं, म्हणजे पस्तिशी ओलांडलेल्या मॉड्रिचच्या बाजूला त्याच्या वाटची धाव घेणारा माणूस. डावी बाजू उजवी झाली, तत्त्व तेच राहिलं. २०२२ च्या पॅरिसच्या अंतिम सामन्यात विनिसियसचा एकमेव गोल वाल्वेर्देच्याच चेंडूवर झाला.

झिदानचे आकडे तर भिंतीवर लावावेत असे आहेत. पहिल्या खेपेत २०१६-१७ ची लीग: १०६ गोल केले, ४१ खाल्ले. दुसऱ्या खेपेत २०१९-२० ची लीग: ७० केले, २५ खाल्ले. क्रिस्तियानो विकला गेल्यावर १०६ ची वाट पाहत न बसता त्याने दुसराच संघ बांधला. तो मार्च २०१९ मध्ये ११ सामने उरले असताना आला आणि ते सामने त्याने कोणाला ठेवायचं हे ठरवण्यासाठी वापरले. उन्हाळ्यात परतणाऱ्याला हे ११ सामने मिळत नाहीत.

फातोर्डा स्टँड

आपल्याकडचंही उदाहरण घ्या, मुंबई सिटीच्या पाठीराख्यांना ते चांगलंच लक्षात असेल. अंतोनियो लोपेझ हबासने २०१४ ला अॅटलेटिको दि कोलकाताला पहिली आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकून दिली. तो २०१९ ला परतला आणि गोव्यातल्या फातोर्ड्याला रिकाम्या स्टेडियममध्ये चेन्नईयिनला ३-१ हरवून पुन्हा जिंकला. २०२० मध्ये क्लब मोहन बागानमध्ये विलीन झाला, २०२१ च्या डिसेंबरमध्ये तो गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा आला. तेव्हा संघ लागोपाठ तीन लीग सामने हरलेला होता.

आयएसएलमध्ये एक गोष्ट युरोपपेक्षा वेगळी तपासावी लागते: परदेशी खेळाडूंची नोंदणी. मैदानात एका वेळी चारच उतरवता येतात, त्यामुळे एक बदल म्हणजे पाव परदेशी संघ बदलणं. हबासने बूमूसला काढून यॉनी काउकोची नोंदणी केली. गुडघ्याच्या दुखापतीतून परतलेला काउको त्याला २०२१ पासून माहीत होता. बूमूस चेंडूवर कलाकार, पण चेंडू नसताना मध्यभाग उघडा पडायचा. काउको आल्यावर पेत्रातोसला वर मोकळं सोडता आलं आणि हबासची आवडती तीन बचावपटूंची मागची फळी उभी राहिली.

१५ एप्रिल २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर शेवटचा लीग सामना झाला. मुंबई ४७ गुणांवर, बागान ४५ वर, मुंबईला बरोबरी पुरेशी होती. लिस्टन कोलासो आणि कमिंग्सच्या गोलांनी बागान २-१ जिंकलं, शील्ड (गुणतालिकेत पहिल्या येणाऱ्याला मिळते ती) त्यांच्याकडे गेली. पण ४ मे ला त्याच मैदानावर अंतिम सामन्यात मुंबईने पिछाडीवरून ३-१ असा कप नेला. एकोणीस दिवसांत मुंबईचा प्रशिक्षक क्रॅटकीच्या संघाने उत्तर शोधलं होतं. आघाडी घेतल्यावर मागे सरकायचं हे हबासचं जुनंच धोरण आहे. ज्या संघाने त्याला नुकतंच पाहिलंय, त्याच्यासमोर ते दुसऱ्यांदा चालेलच असं नाही.

तेव्हा डगआउट, तुमच्या यादीत हेही घाला: परतलेल्या मॅनेजरच्या सवयी प्रतिस्पर्ध्यांनाही पाठ असतात. पहिल्या फेरीत हरवलेल्या संघाशी दुसऱ्यांदा गाठ पडते तेव्हा तो काय बदलतो ते बघा.

साइडलाइन

फातोर्डा, प्रशिक्षक मोलिनाचंही लिहा. २०१६ ला त्याने कोलकात्याला आयएसएल जिंकून दिली आणि २०२४ ला तो मोहन बागानला आला. नाव आणि जर्सी वेगळी, मालक तेच. पहिल्याच मोसमात ५६ गुणांनी शील्ड आणि वर कपही. परतणं क्लबात की मालकांकडे, हे वेगळं करून पाहायला हवं. खरेदीचा शब्द कोणाचा चालतो, हे अशा माणसाला आल्या दिवशीच ठाऊक असतं.