टीडीएस मीटरवर क्रोमियम कळत नाही

सोसायटीच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरमागे ११० मिलिग्रॅम आला म्हणजे क्रोमियम नाही, हा तुमचा निष्कर्ष काही पटला नाही. तो मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच बघतो. क्रोमियमची मर्यादा आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे, ती ११० मध्ये कुठे दिसणार? नवी मुंबईत नळाला मोरबे धरणाचं पाणी असेल तर मला फारशी धास्ती नाही. पण घणसोली-रबाळ्याकडे बोअर किंवा टँकर असेल तर तपासाच, शेजारी टीटीसीचा (ठाणे-बेलापूरचा) कारखान्यांचा पट्टा आहे आणि क्रोम प्लेटिंगला क्रोमियम लागतंच.

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबला 'एकूण' क्रोमियम आणि 'हेक्साव्हॅलंट' (त्याचं सहा-संयुजी रूप) असं वेगवेगळं तपासायला सांगा. खरा विषारी तो हेक्साव्हॅलंटच. बाटल्या लॅबच्याच घ्या. एकूणच्या बाटलीत नायट्रिक ॲसिडचे थेंब घातलेले असतील तर (आपल्या सवयीने) ती विसळू नका. हेक्साव्हॅलंटच्या बाटलीत ते ॲसिड नको. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. लॅबमध्ये डायफेनिलकार्बाझाइड हे रसायन घातल्यावर जांभळट-गुलाबी रंग चढला की समजायचं, हेक्साव्हॅलंट आहे.

आणि उकळून काही होत नाही हो. पाणी आटतं, क्रोमियम तेवढंच उरतं. आरओ बराच काढतो, पण नमुना आरओच्या आधीचाही द्या.