बेसिल स्पेन्स आणि युद्ध
ब्रिटिश वास्तुविशारद बेसिल स्पेन्स यांच्या वास्तुरचनेशी युद्धाचा फारसा संबंध नाही, असं एक मत आहे; मला ते पटलं नाही. १९०७ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात कॅमोफ्लाजचं, म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी खरं लपवायचं नि खोटं उभारायचं, असं काम करत होता. इंग्लंडमधल्या डोव्हर बंदरात तेलाचा खोटा तळ उभारण्यात त्यांचा हात होता (नाटकाचा सेटच म्हणा!). नॉर्मंडीत तर त्यांनी रणगाड्यांनी चर्च उडवलेलं पाहिलं. पुढे १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री कॅथेड्रलच्या (मोठ्या चर्चच्या) नव्या रचनेची स्पर्धा जिंकली ती १९४० च्या बॉम्बहल्ल्यातले भग्न अवशेष तसेच ठेवून, नवी इमारत त्यांना लागून उभारण्याच्या कल्पनेवर. हे निव्वळ योगायोगानं सुचलं असेल? टीकाच करायची तर ग्लासगो शहराच्या गोर्बल्स भागातल्या त्यांच्या उंच इमारतींवर करा. त्या १९९३ मध्ये पाडाव्या लागल्या.