घरच्या मळ्याची फ्रेंच वाईन: लेबल कसं वाचायचं आणि पुण्यात दिवाळीपर्यंत ठेवायची कुठे?

कोथरूडकर
लोआर खोऱ्यातल्या दोन बाटल्या भाच्याने आणल्यात: वूव्रे सेक (पांढरी, ‘सेक’ म्हणजे गोड नसलेली, २०२१) आणि शिनाँ (लाल, २०२०). दोन्हींवर आडनावापुढे ‘पेर ए फिस’ आहे, म्हणजे ‘बाप आणि लेक’. हे लोक खरंच स्वतःची द्राक्षं पिकवतात का? फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, वाईनचा वेगळा फ्रिज नाही. दिवाळीपर्यंत टिकतील?

द्राक्षवेल
‘पेर ए फिस’वर जाऊ नका. दुसऱ्यांची द्राक्षं किंवा तयार वाईन विकत घेणारे व्यापारीही ते लावतात. लेबलवर बारीक अक्षरांत ‘मिझां बुतेय’ (म्हणजे ‘बाटलीबंद’) असतं, त्याच्यापुढचं वाचा. ‘ओ दोमेन’ असेल तर मळ्यावरच बाटलीबंद झालीय. ‘आ ला प्रोप्रिएते’ (‘मालकाच्या जागेवर’) जरा फसवं, कारण सहकारी वायनरीही ते छापते. आपल्या साखर कारखान्यासारखंच: ऊस सभासदाचा, गाळप एकत्र. बुचावरच्या टोपीवर पिंप वाहून नेणारा माणूस दिसला तर उत्तम. ते स्वतंत्र द्राक्षउत्पादकांच्या संघटनेचं चिन्ह. लागवड, वाईन आणि बाटली तिन्ही त्यांचंच. ‘व्हिएय व्हिन्य’ म्हणजे जुन्या वेली, पण किती जुन्या हे कायद्यात कुठेच नाही. तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

निवांत
माळ्यावर अजिबात नको, स्लॅबखाली तीच सगळ्यात तापणारी जागा. नुसत्या उष्णतेइतकाच चढउतारही वाईट: दुपारी वाईन फुगून बूच रेटते, रात्री आकसून हवा आत ओढते. टोपीखाली चिकट ओघळ दिसला की समजा, हे झालंय. एप्रिल-मे असेपर्यंत सरळ फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून, आडवी. काही महिन्यांनी बिघडत नाही, फक्त मुरणं मंदावतं. वर्षानुवर्षं मात्र नको, कोरड्या हवेत बूच आकसतं.

प्यायच्या दिवशी शिनाँ अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. १५ अंशांच्या आसपास हवी. ‘रूम टेंपरेचर’ हे पुण्यातल्या खोलीचं नव्हे! ३० अंशांवर नाकात नुसता अल्कोहोल जातो. वूव्रे १० अंशांवर. तिखट रश्श्याबरोबर शिनाँ नको, टॅनिनने (लाल वाईनमधल्या तुरटपणाने) जिभेची आग वाढते. तळलेल्या सुरमईला वूव्रे सेक. तिच्यातली आंबट धार लिंबाचं काम करते.

कोथरूडकर
आभार. दोन्हींवर ‘ओ दोमेन’ निघालं. पण वूव्रेच्या तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं काहीतरी आहे. गेली का?

द्राक्षवेल
नाही. ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत, गारव्याने खाली बसतात. वूव्रे शेनिन ब्लाँ जातीच्या द्राक्षांची असते आणि थंड हवेमुळे तिच्यात आम्ल भरपूर. बाटली आदल्या दिवशी उभी करा आणि शेवटचा घोट तळातच राहू द्या. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बूच खराब. हवा देऊन तो जात नाही, मोरीतच ओता.

निवांत
भाच्याला सांगून ठेवा: ड्यूटी न भरता २ लिटरच आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच. तिसरी आणली की मर्यादा २५० मिलीने ओलांडली.