फ्यूज्ड काचेत इमारतींची रेषा आणि वेलींचा प्रवाह एकत्र कसा आणावा?

पारदर्शी:
नमस्कार. काच कापणे, फ्यूजिंग (भट्टीत तुकडे वितळवून जोडणे) आणि साधे स्लम्पिंग (तापवून मऊ झालेली काच साच्यावर बसवणे) मला येते. सध्या मी भिंतीवर लावण्याच्या पॅनेलांची एक मालिका करते आहे. उंच इमारतींच्या दर्शनी भागातील खिडक्यांची जाळी आणि तिच्यावर चढत गेलेल्या वेली, असा तिचा विषय आहे. काच एकाच उत्पादकाची, ९० प्रसरणांकाची (तापल्यावर काच किती प्रसरण पावते ते दाखवणारा अंक) आहे. सर्व तुकडे मांडून मी ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास एकदाच पूर्ण वितळवते. त्यात खिडक्यांच्या कडा गोल होऊन इमारतीचा कणखरपणा जातो आणि पाने मात्र वरून चिकटवलेल्या चित्रासारखी परकी दिसतात. बदल रचनेत करावा, की भट्टीच्या वेळापत्रकात?

भट्टीकाठ:
बदल दोन्हींत लागेल, पण सुरुवात भट्टीपासून करावी असे मला ठामपणे वाटते. काचेला प्रवाहीपणा उष्णतेतून मिळतो आणि काटेकोरपणा कापण्यातून व घासण्यातून. तुमच्या विषयाचे दोन घटकही असेच विभागलेले आहेत, म्हणून वेलींना जास्त तापमान द्यावे आणि इमारतीला कमी.

पहिल्या तापात ३ मिमीच्या दोन पारदर्शक थरांवर काचेची भुकटी चाळून, बोटाने किंवा कोरड्या कुंचल्याने सारून वेली रेखाटा आणि सुमारे ८०५ अंशांवर पूर्ण वितळू द्या. दोन थर घेण्याचे कारण असे की पूर्ण वितळलेली काच स्वभावतः सुमारे ६ मिमी जाडीकडे जाते. एकच थर असेल तर तो ही जाडी गाठण्यासाठी कडांकडून आत ओढला जातो आणि चित्राचे प्रमाण बिघडते. दुसऱ्या तापात या तयार पाटीवर इमारतीच्या पट्ट्या ठेवा आणि ७४० अंशांच्या आसपास, केवळ चिकटण्याइतपत, थांबा. या तापमानाला पट्टीची धार किंचितच मऊ होते, त्यामुळे तिची सावली खालच्या वेलीवर पडते आणि दोन्हींमध्ये खरी खोली निर्माण होते. नंतर जास्त तापमानाचे काम करू नका; क्रम उलटला तर इमारत पुन्हा वितळेल.

इमारतीच्या रेषा याहून धारदार हव्या असतील तर काचेच्या पट्ट्या कडेवर उभ्या करून, चारी बाजूंनी फायबर पेपर (काच चिकटू न देणारा उष्णतारोधक कागद) लावलेले बांध घालून वितळवा. बांधामुळे काच पसरत नाही, रेषा सरळ राहतात आणि रंग पृष्ठभागावर न राहता पूर्ण जाडीतून जातो. काचकलावंत क्लाउस मोये यांनी काचेच्या पट्ट्या आणि तुकडे जोडून, वितळवून, पुन्हा घासून केलेली कामे या दृष्टीने अवश्य पाहावीत.

जाडी असमान असल्यामुळे ॲनीलिंगमध्ये (काच ठरावीक तापमानाला थांबवून, मग सावकाश थंड करून आतला ताण घालवण्यात) घाई नको. चिकटवलेल्या कामात सर्वांत जाड भागाच्या दुप्पट जाडी धरून वेळापत्रक ठरवावे. ६ मिमीच्या पाटीवर ३ मिमीच्या पट्ट्या म्हणजे ९ मिमी, म्हणून सबंध काम सुमारे १८ मिमीचे धरले तर ४८२ अंशांवर सुमारे तीन तास आणि त्यानंतर सुरुवातीला ताशी २५ अंशांच्या वेगाने थंड करणे योग्य होईल. भुकटी चाळताना धूलिकणांसाठीचा श्वसनमास्क अनिवार्य समजा.

काचरेषा:
वरील क्रम योग्य आहे, पण मुळात पाने रेखाटण्याची गरज आहे का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तांबेयुक्त फिरोजी काच आणि गंधकयुक्त फिकट पिवळी काच शेजारी ठेवून वितळवली की त्यांच्या सीमेवर गडद तपकिरी रेषा आपोआप उमटते. खिडकीच्या चौकटीशेजारी ती रेषा भिंतीवर झिरपलेल्या ओलाव्याची आणि शेवाळाची आठवण करून देते, आणि ती काचेतूनच जन्मलेली असल्याने परकी वाटत नाही. दुसरा मार्ग जाडीचा आहे. स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की आणि यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हा या चेक कलावंत दांपत्याच्या ओतीव काचशिल्पांत एकाच रंगाची काच पातळ भागी उजळ आणि जाड भागी गडद दिसते. त्या फरकावरच त्यांची वास्तुसदृश रूपे उभी राहतात. इमारतीचे आकार अशा प्रकारे प्रकाशावर सोपवले तर रंग वनस्पतींसाठी राखून ठेवता येतील.

पारदर्शी:
दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. पाडलेल्या इमारतीच्या खिडक्यांची काच मला मिळू शकते. विषयाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. ती माझ्या रंगीत काचेबरोबर वितळवता येईल का?

भट्टीकाठ:
नाही. खिडकीची काच तुमच्या काचेपेक्षा कमी प्रसरण पावते, त्यामुळे थंड होताना ताण साठून तडा जातो, कधीकधी कित्येक महिन्यांनंतर. मात्र तिचे स्वतंत्र पॅनेल अवश्य करा. सर्व तुकडे एकाच तावदानातून कापा, कारण दोन तावदानेही परस्परांशी जुळतील याची खात्री नसते. ॲनीलिंग ५५० अंशांच्या आसपास करावे लागेल. दोन थरांमध्ये पूर्ण वाळवलेले खरे पान ठेवल्यास ते जळून राखेत शिरांचा ठसा उरतो. पण वायू बाहेर पडावा म्हणून तापमान सावकाश वाढवा आणि ६५० अंशांच्या सुमारास अर्धा तास थांबा. नाहीतर पानाजागी मोठा बुडबुडा येतो. काम थंड झाल्यावर ते दोन ध्रुवक पटलांमध्ये (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पातळ पत्र्यांमध्ये), एक पटल काटकोनात फिरवून, पाहा. तुकड्यांच्या कडेला उजळ वलये दिसली तर आत ताण आहे आणि ते पॅनेल भिंतीवर लावू नये.