पापणी मिटून दाखवता येत नाही म्हणून खातं उघडायचं नाही का?

पारंबी : मधुमेहाने मामांची दृष्टी गेली. गेल्या महिन्यात मोबाईलवरून त्यांचं बँक खातं उघडायला बसलो. आधार झालं, पॅन झालं, मग कॅमेरा सुरू झाला : 'चेहरा चौकटीत आणा, डोळे मिटा-उघडा.' चौकट कुठे आहे हे मामांना कळणार कसं? पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू होतं, पण नेमकं त्या पानावर ते गप्प. तीन प्रयत्न फुकट गेले.

अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक दृष्टिहीन व्यक्ती याच तक्रारीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि 20 निर्देश दिले. पापण्यांच्या हालचालीला पर्याय द्या, हेही त्यात आहे. माझं म्हणणं एवढंच, की हा पर्याय अ‍ॅपच्या पहिल्या दिवसापासून हवा. कोणी कोर्टात जाईपर्यंत थांबायचं कशाला?

ताळेबंद : मामांचा त्रास समजतो, पण मी पतसंस्थेत काम करतो, आमचीही बाजू ऐका. कॅमेऱ्यापुढे कोणी दुसऱ्याचा फोटो धरू नये म्हणून ही पापणीची अट आली. तुम्ही सवलतीची वाट ठेवलीत की भामटा आधी तीच शोधतो. प्रत्येकाने अ‍ॅपवरूनच सगळं करावं हा हट्ट का? अशा ग्राहकांच्या घरी माणूस पाठवावा.

पारंबी : घरी सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांसाठी 2017 मध्येच बँकांना सांगितलंय. आम्ही शाखेत दोनदा विचारलं, 'कळवतो' म्हणाले. आणि पापणी हा एकच उपाय थोडाच आहे? अधिकाऱ्याने व्हिडिओवर बोलून ओळख पटवायची सोय 2020 पासून नियमात आहे. निदान 'फोन जरा डावीकडे घ्या' एवढं तरी अ‍ॅपने बोलावं.

गोदाकाठ : तुम्ही दोघं स्मार्टफोनवाल्यांचंच बोलताय. आमच्या आजीच्या बोटांच्या रेषा शेतात राबून झिजल्या. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही, दर महिन्याला दहाही बोटं लावून बघायची. आणि अ‍ॅपमधलं मराठी! 'तुमचे सत्र कालबाह्य झाले आहे' हे वाचून दाखवल्यावर आजीने विचारलं, "कुठलं सत्र? शाळेचं?" 'बराच वेळ झाला, पुन्हा सुरुवात करा' असं लिहायला काय खर्च येतो?

ताळेबंद : भाषेचं शंभर टक्के मान्य. पण आम्ही सॉफ्टवेअर तयार विकत घेतो, एक बटण बदलायचं तरी कंपनी वेगळे पैसे मागते. मोठ्या बँकांना जमेल ते आम्हाला लगेच जमणार नाही. आणि सुरक्षेचा मुद्दा मी सोडलेला नाही.

पारंबी : मग खरेदीच्या करारातच ही अट घाला. नंतर भिंत फोडून दार बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. आता सुरक्षेचं. जुन्या कार्ड मशीनवर 5 च्या बटणावर उंचवटा असायचा, मामा चाचपून पिन दाबायचे. आता दुकानातलं मशीन सपाट काचेचं आहे. मामा पिन मोठ्याने सांगतात, दुकानदार दाबतो, मागची रांग ऐकते. त्यांच्या जुन्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे आणि ओटीपीही माझ्याच फोनवर येतो. यात मामांचे पैसे सुरक्षित कसे, ते सांगा.