महिन्याचं व्याख्यान आता बंद करावं का?

फळाखडू
निवृत्त मंडळींचे अभ्यासगट बहुतेक एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. महिन्यातून एकदा पाहुणा वक्ता, तासभर भाषण, दोन प्रश्न (त्यातला एक प्रश्न नसतोच, ते दुसरं भाषण असतं), आभार, घाईघाईत थोड्या गप्पा आणि पांगापांग. माझं मत रोखठोक आहे: हे व्याख्यान बंद करा.

आपल्यात कोणी आयुष्यभर पूल बांधलेत, कोणी रक्तपेढी सांभाळलीय, कोणी कोर्टात लघुलेखन केलंय. एवढं ज्ञान खुर्च्यांवर गप्प बसवायचं आणि बोलायला बाहेरून माणूस आणायचा, हा कुठला न्याय?

फ्रान्समध्ये तुलूजला १९७३ साली पिएर व्हेलास यांनी 'तिसऱ्या वयाचं', म्हणजे निवृत्तांचं, विद्यापीठ सुरू केलं. ते खऱ्या विद्यापीठाला जोडलेलं होतं, शिकवायला प्राध्यापक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पीटर लॅस्लेट, मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी ही कल्पना उचलली, पण ती पार उलटी करून टाकली. परीक्षा नाही, पदवी नाही, पगारी मास्तर नाही. शिकवणारेही सदस्य आणि शिकणारेही सदस्य. चाळीस वर्षांवर काळ लोटला, ते गट अजून जोमात आहेत. मग आपणच अजून पाहुण्यांची वाट का बघतोय? महिन्याच्या भेटीत पाच-सहा जणांची टेबलं करा, दर टेबलाला एक विषय आणि तो जाणणारा एक सदस्य. संपलं.

मागची रांग
नाही पटलं. "गप्पा मारायला या" म्हटल्यावर न येणारा माणूस "भूकंपावर व्याख्यान आहे" म्हटलं की येतो. खास करून पुरुष. एकटा पडलोय हे कबूल न करता घराबाहेर पडायला त्यांना कारण लागतं, आणि व्याख्यान हे सभ्य कारण आहे.

आमच्या गटात एक गृहस्थ येतात. पत्नी गेल्यावर त्यांचं कुणाकडे जाणं-येणं उरलं नव्हतं. सुरुवातीला शेवटच्या खुर्चीवर बसायचे, वहीत तारीख आणि विषय लिहायचे आणि आभार सुरू झाले की पायात चपला सरकवून पसार. हल्ली दाराशी घुटमळतात. परवा तर वक्त्याच्या एका विधानावरून शेजाऱ्याशी असे जुंपले की हॉल बंद करणाऱ्याला किल्ली वाजवावी लागली. या माणसाला पहिल्याच दिवशी सहा जणांच्या टेबलाशी बसवून "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं असतं, तर तो पुन्हा फिरकला नसता. व्याख्यानात माणसाला गप्प बसायची मुभा असते. तुम्ही तीच काढून घ्यायला निघालात.

कोपरखळी
भूकंपावर? नशीबवान आहात. आमच्याकडे सांधेदुखी, मृत्युपत्र, गुंतवणूक, पुन्हा सांधेदुखी.

उलटतपासणी
कोपरखळी, हसण्यावारी नेऊ नका, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. फुकट येणारा वक्ता बरेचदा काहीतरी विकायला आलेला असतो. 'निवृत्तीनंतरचं नियोजन' म्हणून सुरुवात, शेवटी माहितीपत्रकं आणि फोन नंबर लिहायला कोरा कागद. आम्ही साधा नियम केला: वक्त्याने सभागृहात काही विकायचं नाही, कुणाचा नंबर घ्यायचा नाही, आणि हे आमंत्रण देतानाच सांगायचं. निम्म्या जणांनी त्यानंतर फोनच उचलला नाही. उरले ते ऐकण्यासारखे निघाले. तेव्हा फळाखडू, रोग निवडीचा आहे, तुम्ही व्याख्यानालाच फाशी देताय.

कात्रणवही
फळाखडूंनी ब्रिटनचा दाखला अर्धाच दिला. तिथे सदस्यांचे छोटे विषयगट आहेत हे खरं, ते पुष्कळदा सदस्यांच्या घरीच भरतात. पण त्याच संस्थांपैकी अनेकांची महिन्याला सर्वांसाठी एक बैठकही असते आणि तिथे वक्ता बोलावलेला असतो! म्हणजे ज्यांनी प्राध्यापकाला रजा दिली, त्यांनीही व्याख्यान ठेवलंच. भाषागटातला माणूस भूशास्त्रगटातल्याला एरवी भेटणार कुठे? सगळ्या गटांना एका छपराखाली आणायला काहीतरी लागतं.

फळाखडू
कात्रणवही, पण तिथे मूळ शिकणं छोट्या गटांत होतं आणि महिन्याची बैठक ही वरची जोड. आपल्याकडे नुसती जोडच आहे, मूळ गायब. माझा राग त्यावर आहे.

ताजातवाना
एवढा खल कशाला? डोकं चालू राहतं हे महत्त्वाचं. व्याख्यानं ऐकली की स्मृतिभ्रंश दूर राहतो, हे आता सिद्ध झालंय.

कात्रणवही
कुठे सिद्ध झालंय? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित, बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले. त्यात एकाकीपणा आहे, ऐकू कमी येणं आहे. कमी शिक्षणही आहे, पण ते लहानपणचं. महिन्याला एक व्याख्यान हा त्यावरचा उतारा आहे असं त्यात कुठेच नाही.

अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २८३२ जणांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. काहींना स्मरणाचं प्रशिक्षण, काहींना तर्काचं, काहींना पाहून चटकन ओळखण्याचं. ज्याने ज्याचा सराव केला, त्याचं तेच सुधारलं; तर्काच्या सरावाने स्मरण वाढलं असं झालं नाही. तिथे तर माणसं स्वतः सराव करत होती. आपण खुर्चीत बसून ऐकतो. व्याख्यानाला जरूर या, आवडतं म्हणून या. औषध म्हणून येऊ नका.

डावा कान
दोन्ही बाजूंचं वाचलं. एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. फळाखडू, एका हॉलमध्ये सहा टेबलं एकदम बोलायला लागली की माझ्यासारख्याची सभा तिथेच संपते.

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त असल्या व्यंजनांचं कुजबुजणं त्यातच मोडतं. स्वर ऐकू येतात, त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. मागे कलकलाट असला की उरलंसुरलंही बुडतं. कानातलं यंत्र शेजारच्या टेबलाचा आवाजही इमानेइतबारे वाढवून देतं. मग आम्ही काय करतो? सगळे हसले की हसतो. व्याख्यानात निदान एका वेळी एकच जण बोलतो, आणि मी पुढे बसून त्याचे ओठ बघू शकतो.

तुमच्या व्याख्यानांचं कौतुक करतोय असंही समजू नका. वक्ता उभा राहतो, "माझा आवाज मोठा आहे, माईकची गरज नाही" म्हणतो, आणि मागच्या दोन रांगा तिथेच बाद होतात. माईक वक्त्याच्या मर्जीवर सोडू नका, लावाच. श्रोत्याने विचारलेला प्रश्न आधी माईकवर पुन्हा सांगा, मग उत्तर द्या. नाहीतर आम्हाला उत्तर तेवढं मिळतं आणि प्रश्न काय होता याचा अंदाज करत घरी जावं लागतं.

फळाखडू
डावा कान, हा मुद्दा वजनदार आहे. पण त्यावर उपाय वेगवेगळ्या खोल्या हा आहे, व्याख्यान नव्हे.

डावा कान
वेगवेगळ्या खोल्या कोण देतंय? एक हॉल मिळवताना नाकी नऊ येतात.

पुन्हा सांगा
शिक्षिका होते, म्हणून राहवत नाही. व्याख्यान की गप्पा हा झगडाच मला उसना वाटतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बघा. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. विद्यार्थी तरुण होते हे मान्य. पण वर्गात जन्म गेल्यावर मला यात नवल वाटलं नाही.

तेव्हा वक्ता थांबला की लगेच प्रश्नोत्तरं नकोत. वह्या मिटा, शेजारच्याकडे वळा आणि पाच मिनिटं एकमेकांना काय आठवतंय ते सांगा. आम्ही असं केलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे पुढचे प्रश्न खरोखरचे प्रश्न आले. दुसरी, मागच्या रांगेतल्या बुजऱ्या माणसाला बोलायला विषय मिळाला, स्वतःबद्दल काही न सांगता. डावा कान यांच्यासाठी ती पाच मिनिटं गोंगाटाची होतील. त्यांनी जोडीदाराला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात जावं असं सुचवते.

मागची रांग
बाई, हे मला मान्य. फक्त "मला काही आठवत नाही" म्हणायचीही मुभा हवी. या वयात कुणाला ते परीक्षेसारखं वाटू शकतं, आणि परीक्षा आली की माणूस गळतो.

नोंदवही
मी आमच्या गटाची चिटणीस. चर्चा छान चाललीय, म्हणून एक रुक्ष गोष्ट सांगते. पाहुणा वक्ता म्हणजे एक फोन, एक आठवण, त्याला न्यायला-आणायला एक माणूस. सदस्यांनी शिकवायचं ठरलं की दहा जण उत्साहाने हात वर करतात आणि महिना जवळ आला की आठ जणांची नातवंडं आजारी पडतात. वर "माझं कसलं ज्ञान, मी काय सांगणार" हे वेगळंच, आणि असं म्हणणाऱ्यांत बायका जास्त. रक्तपेढी सांभाळलेल्या आमच्या एक सदस्य आहेत, फळाखडूंनी जणू त्यांचंच उदाहरण दिलं. त्यांना उभं करायला मला वर्ष लागलं. बोलल्या तेव्हा कुणी जागचं हललं नाही.

आणि गप्पांचा भाग आपोआप होतो असं सगळ्यांना का वाटतं? खुर्च्या कोण लावतं, कप कोण विसळतं ते एकदा बघा. ज्या दोघी-तिघी विसळतात त्यांच्या वाट्याला ना व्याख्यानाचा शेवट येतो, ना गप्पा. आम्ही आता त्या कामाची पाळी लावलीय, अध्यक्षांपासून सुरुवात करून. अध्यक्षांना ते फारसं रुचलेलं नाही.

फळाखडू
नोंदवही, वर्ष लागलं पण उभ्या राहिल्या ना? मी तेच म्हणतोय. पाहुण्यावर घालवलेली मेहनत सदस्यांवर घालवा. बंद करा हे माझं मत कायम आहे, पण एवढे जण विरोधात आहेत तर निदान एवढं तरी ठरवा: पाहुणा एक महिना आड, आणि भाषण अर्ध्या तासाचं.

उलटतपासणी
महिन्याआड चालेल, अर्धा तास नाही. भूशास्त्रावर अर्ध्या तासात माणूस पृथ्वी थंड होईपर्यंतसुद्धा पोचत नाही.

कोपरखळी
अर्धा तास वक्त्याच्या परिचयासह की परिचय सोडून?