मदत हवी आहे : हल्ल्याची बातमी आली की बाबांची झोप उडते

नमस्कार मंडळी. आम्ही श्रीवर्धनकडचे. बाबा एकाहत्तर वर्षांचे, सगळी हयात मासेमारीत गेली. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, तेव्हापासून कुठेही हल्ल्याची बातमी आली की ते दिवसभर टीव्हीसमोरून हलत नाहीत. ताटातला भात तसाच वाळतो. रात्री अडीचला ओटीवर येऊन बसतात, होडीच्या इंजिनाचा आवाज आला की बॅटरी घेऊन किनाऱ्यावर जातात.

१९९३ साली इथे शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं. २००८ साली ते दहा अतिरेकी मच्छीमार ट्रॉलर बळकावून दर्यातूनच मुंबईत शिरले. "आपल्या दर्यातून आले गं, नि आपल्याला पत्ता नाही," हेच सारखं तोंडी. आई म्हणते, वय झालं. मला नाही पटत. ही नुसती भीती नाही, त्यांना स्वतःला अपराधी वाटतंय.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला म्हटलं, तर "मी काय वेडा झालोय?" म्हणून चिडले.

तुमच्या घरी कुणाचं असं झालंय का? टीव्ही बंद करावा, की शेजारी बसून बोलत राहावं? अशा माणसाला डॉक्टरकडे न्यायला कसं तयार केलंत? कृपया सांगा.